आडोसा मिळाला, पाणी अडलं : बोलिनाओच्या पिंजऱ्यांचं प्रकरण

समुद्रात मासे वाढवायचा पिंजरा टाकायला जागा शोधणाऱ्याला बोलिनाओचा नकाशा दाखवला, तर तो पहिल्या नजरेतच हरखेल. फिलिपाइन्समधल्या लुझॉन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर लिंगायेनचं आखात आहे. त्याच्या पश्चिम टोकाशी, पांगासिनान प्रांतात, बोलिनाओ ही नगरपालिका. समोर सान्तियागो बेट आडवं पडलेलं आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला प्रवाळाचा कडा. खुल्या समुद्राची लाट त्या कड्यावर फुटते. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या पट्ट्यात पाणी निवांत असतं. पूर्वेला शेजारच्या आन्दा नगरपालिकेचं बेट. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्येही असाच चिंचोळा जलमार्ग आहे.

ज्या देशाच्या आसपास वर्षाला वीसेक चक्रीवादळं घोंगावतात, तिथे असा आडोसा म्हणजे लॉटरीच. शिवाय बाजार जवळ. आखाताच्या दक्षिण काठावरचं दागुपान शहर बांगुससाठी देशभर ओळखलं जातं. बांगुस म्हणजे मिल्कफिश, चांदीसारखा चकचकीत, काटेरी, मुख्यतः वनस्पतींवर पोसणारा मासा. आपल्याकडे बांगड्याला जे स्थान, ते तिकडे बांगुसला. त्याचं बीज, म्हणजे वाढवायला सोडायची पिल्लं, मिळतं, खाद्याच्या गोण्या विकणारे दारात येतात, मासा विकायला लांब जावं लागत नाही. पाणी उबदार आणि बारमाही खारं. नगरपालिकेच्या हद्दीतच फिलिपाइन्स विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा, म्हणजे सल्लाही हाताशी.

पिंजऱ्याच्या जागेसाठी ज्या याद्या केल्या जातात, त्यांत लाटांपासून आडोसा, क्षारता, तापमान, बाजार, रस्ता, राखण या ओळी असतात. बोलिनाओला त्यातल्या बहुतेक सगळ्यांवर बरोबरची खूण पडते. राहते ती एक ओळ, पाणी किती वेळात बदलतं ही. यादीत ती असते, पण बाकीच्यांच्या बरोबरीने, जणू दहातला एक गुण. या प्रकरणात उरलेल्या नऊ गुणांवर तिने पाणी फिरवलं.

पिंजऱ्यांच्या आधी इथे सुस्थिती होती असं नव्हे. उथळ पाण्यात समुद्री गवताची मोठी कुरणं होती आणि लोक त्यांवर जगत. सिगॅनिड कुळातल्या माशांची बोटभर पिल्लं धरून, खारवून, आंबवून बरण्या भरणं हा घरोघरचा धंदा. गवतात वाढणारे काटेरी समुद्री साळू (सी अर्चिन) निर्यातीसाठी इतके उपसले गेले की १९९२ च्या सुमारास तो व्यवसाय कोसळला. प्रवाळावरची मासेमारीही आटत चाललेली. अशा किनाऱ्यावर कुणी सांगितलं की जाळ्यात बीज सोडा, खाद्य टाका आणि काही महिन्यांनी मासा उचला, तर ते ऐकायला माणसं तयारच होती. आपल्या किनाऱ्यावरही पिंजऱ्याचा विषय निघतो तो नेमका मासळी घटली की.

त्याच दशकात या गावाने एक मोठी लढाई जिंकली होती. किनाऱ्यावर सिमेंटचा भला मोठा प्रकल्प येऊ घातला होता. मच्छीमार, शिक्षक, विद्यापीठातले शास्त्रज्ञ असे सगळे विरोधात उभे राहिले आणि १९९६ मध्ये सरकारने पर्यावरण मंजुरी नाकारली. मग नुसतं ‘नको’ म्हणून चालायचं नाही, ‘काय हवं’ तेही सांगायला हवं, म्हणून किनाऱ्याचा आराखडा तयार झाला. कुठे पर्यटन, कुठे मासेमारी, कुठे नौकांची वाट, कुठे बांगुसची शेती, अशी पाण्याची वाटणी झाली. बांगुसच्या कुंपणांना आणि पिंजऱ्यांना मिळून मर्यादाही ठरली: बोलिनाओच्या पाण्यात ५४४.

हा आकडा लक्षात ठेवावा. ‘तिथे अडाणीपणाने कुठेही पिंजरे टाकले’ असं हे प्रकरण असतं तर त्यात शिकण्यासारखं फारसं नव्हतं. इथे विज्ञान होतं, आराखडा होता, लोकांचा सहभाग होता, लेखी मर्यादा होती. एवढं असूनही २००१-०२ पर्यंत पाण्यातल्या बांधकामांची संख्या मर्यादेच्या दुपटीच्या वर गेली.

ती कशी गेली, हे समजायला परवान्याची वाट पाहावी लागते. फिलिपाइन्सच्या १९९१ च्या स्थानिक शासन कायद्याने किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचं पाणी नगरपालिकांच्या हातात दिलं. परवाना नगरपालिका देणार, शुल्क नगरपालिका घेणार, जास्त झाले तर उखडणारही नगरपालिकाच. पाण्यातली प्रत्येक नवी चौकट म्हणजे तिजोरीत थोडी भर आणि एका मतदार कुटुंबाला काम. नाही म्हणण्याने मात्र कुणाचंच लगेच भलं होत नाही. शेजाऱ्याच्या पिंजऱ्यातून मासा निघताना दिसला की बिनपरवान्याचे खांबही रोवले जातात, आणि एकदा रोवलेला खांब उपटायला कुणाला धीर होत नाही. हे वाचताना आपल्या गावातली एखादी वाढत गेलेली टपऱ्यांची रांग आठवली तर ती आठवण अगदीच चुकीची नाही.

आता पाण्याकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

बोलिनाओत दोन प्रकारची बांधकामं होती. एक कुंपण: उथळ पाण्यात बांबूचे खांब तळात रोवायचे आणि तळापासून वरपर्यंत जाळं ताणायचं. माशाच्या पायाखाली थेट चिखल. दुसरा पिंजरा: तरंगत्या चौकटीला टांगलेलं, तळ असलेलं जाळं. कुंपण स्वस्त, म्हणून आधी तेच वाढलं. आणि तेच पाण्याला सगळ्यांत जास्त अडवतं, कारण प्रवाहाला खालून निसटायलाही जागा ठेवत नाही.

एका पिंजऱ्याचा हिशेब करून पाहू. हा बोलिनाओचा नाही. आपल्याकडे प्रचारात असलेल्या ६ मीटर व्यासाच्या गोल पिंजऱ्याचा धरू. जाळ्याची खोली ४ मीटर धरली तर आत सुमारे ११३ घनमीटर पाणी मावतं. त्यात दोन टन मासा आहे असं समजा. पोटभर खाल्लेला उष्ण पाण्यातला मासा किलोमागे तासाला ढोबळ ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन ओढतो. म्हणजे पिंजरा तासाला ६०० ग्रॅम ओढणार. ३० अंश तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन मावतो तोच मुळी लिटरला सहा मिलिग्रॅमच्या थोडा वर. नॉर्वेच्या थंड पाण्यात तो आठ-नऊपर्यंत असतो. आपल्या पट्ट्यात गंगाजळीच तोकडी. सहावरून चारवर येईपर्यंत मासा सुखात आहे असं मानलं, तर वापरता येणारा साठा झाला सव्वादोनशे ग्रॅम. पाणी थांबलं, तर तो वीस-पंचवीस मिनिटांत संपला.

पाणी थांबत नाही, म्हणून पिंजरा चालतो. सेकंदाला पाच सेंटिमीटर इतक्या मंद प्रवाहानेही सहा मीटरचा पिंजरा दोन मिनिटांत नव्या पाण्याने भरतो. त्यामुळे एकटा पिंजरा ठेवून, चार दिवस मोजमाप करून ‘जागा योग्य’ असा शेरा मारणं सोपं आहे. तो शेरा खोटाही नसतो. पण पहिल्या पिंजऱ्याला मिळतं ते पाणी पन्नासाव्याला मिळत नाही. त्याला मिळतं एकोणपन्नास ठिकाणी वापरलेलं, एकोणपन्नास जाळ्यांनी वेग मोडलेलं पाणी. त्यात जाळ्याला शेवाळ आणि शिंपले धरले की भोकं बुजतात आणि प्रवाह आणखी मंदावतो. बोलिनाओचा अभ्यास करणाऱ्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: उथळ आणि मुळातच कमी धुतल्या जाणाऱ्या त्या भागात कुंपणं-पिंजरे वाढत गेले, तसा पाण्याचा तिथला मुक्कामच बदलला. जागा पारखली तेव्हाचं पाणी आणि हजार जाळी टाकल्यानंतरचं पाणी ही दोन वेगळी पाणी होती.

भरती-ओहोटीचाही यात हात आहे. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग हे शब्द शिकवावे लागत नाहीत. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी जेमतेम चढतं, जेमतेम उतरतं. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरच्या वर खेळतं, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. लिंगायेनच्या आखातात एकूण खेळच मीटरभराचा. तिथे भांग आला की चिंचोळ्या जलमार्गातलं पाणी जवळपास जागच्या जागी डुलत राहतं. वारा पडलेला असला तर वरचं उबदार पाणी आणि खालचं पाणी यांचे थर पडतात, आणि वरचा ऑक्सिजन खाली पोचत नाही.

खाली मात्र ऑक्सिजन खाणारं बरंच काही साठलेलं असतं. त्याचाही हिशेब शेतकऱ्याच्या भाषेत मांडता येतो. एक टन मासा काढायला दोन टन खाद्य लागतं असं धरू. त्या खाद्यात २८ टक्के प्रथिनं असतील तर दोन टनांत सुमारे ९० किलो नायट्रोजन आला. काढलेल्या एक टन माशाच्या अंगात त्यातला तीसेक किलो जातो. उरलेला ६० किलो विष्ठेतून, मूत्रातून आणि न खाल्लेल्या गोळ्यांतून पाण्यात आणि तळाशी राहतो. युरियाच्या भाषेत तो १३० किलो युरिया झाला, म्हणजे ४५ किलोच्या जवळपास तीन गोण्या. प्रत्येक टनामागे तीन गोण्या, वर्षानुवर्षं, एकाच उथळ पट्ट्यात.

प्रयोगशाळा गावातच असल्यामुळे या पाण्याची दहा वर्षांची नोंद आहे, आणि हे प्रकरण इतक्या तपशिलात कळतं ते त्यामुळेच. १९९५ ते २००५ या काळात तिथल्या पाण्यातला अमोनिया ५६ टक्क्यांनी वाढला, नायट्राइट ३५ टक्क्यांनी, नायट्रेट ९० टक्क्यांनी आणि फॉस्फेट ६७ टक्क्यांनी. यातली कुठलीच वाढ एका दिवसात डोळ्यांत भरणारी नाही. पाणी दिसायला पाण्यासारखंच होतं, थोडं हिरवट. मासा वाढत होता, विकला जात होता, पैसे येत होते. तळाचा चिखल काळा पडून कुजक्या अंड्यासारखा वास मारू लागला की तिथे गंधकाचा वायू सुटतोय हे कुणीही ओळखेल. पण तळाचा चिखल वर काढून हुंगतो कोण?

२००२ च्या जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीत मासे मेले. मोठ्या प्रमाणावर, एकदम, विक्रीला आलेले बांगुस. पाण्याचा रंग बदलला होता. तपासलं तेव्हा त्यात प्रोरोसेंट्रम मिनिमम नावाच्या एकपेशीय शैवालाचा बहर सापडला, लिटरला साडेचार लाखांच्या वर पेशी. फिलिपाइन्समध्ये या जातीच्या बहराची ही पहिलीच नोंद.

अशा वेळी दोष शैवालाला देऊन मोकळं होणं सगळ्यांनाच सोयीचं असतं. ‘लाल पाणी आलं, निसर्गापुढे कुणाचं काय चालतं!’ पण नोंदी वेगळंच सांगतात. बहर यायच्या काही दिवस आधीच थर पडलेल्या त्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला होता. म्हणजे शैवाल आलं तेव्हा पाणी आधीच धापा टाकत होतं. खत भरपूर, पाणी स्थिर, ऊन लख्ख. शैवालाला आणखी काय हवं? दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, रात्री माशांच्या बरोबरीने तेही ओढतं, आणि मरून कुजू लागलं की आणखी ओढतं. पहाटेपर्यंत काही उरत नाही. पिंजऱ्याबाहेरचा मासा वाट काढून पळू शकतो. आतला जाळ्याशी येऊन थांबतो.

माझ्या मते या प्रकरणातला कळीचा धागा हा आधी-नंतरचा आहे. शैवाल हे कारण धरलं तर उपाय म्हणजे पूर्वसूचना, विमा, नुकसानभरपाई. ऑक्सिजन हे कारण धरलं तर उपाय म्हणजे जाळी कमी करणं. पहिला उपाय जाहीर करायला कुठल्याही पुढाऱ्याला आवडतो. दुसऱ्यासाठी कुणाच्या तरी दारात जाऊन ‘तुझा पिंजरा काढ’ म्हणावं लागतं.

मेलेले बांगुस मोजले गेले, कारण ते कुणाच्या तरी मालकीचे होते. गवताचं नुकसान मोजायला जास्त वेळ लागला. बोलिनाओच्या समुद्री गवतावर पुढे झालेल्या कामातून दिसलं की पिंजऱ्यांच्या पट्ट्याकडे सरकत जावं तशा गवताच्या जाती कमी होत जातात. गढूळ, खतावलेल्या पाण्यात शेवटी एनहेलस ही लांबरुंद पानांची दणकट जातच तग धरते. गवत गेलं की सिगॅनिडची पिल्लं गेली, आणि पिल्लं गेली की त्या बरण्या. ज्यांच्याकडे पिंजरा नव्हता, त्यांनी पिंजऱ्याची किंमत अशी भरली. जागेची पाहणी करणारा माणूस पिंजऱ्याखालचं पाणी तपासतो. खालच्या अंगाला अर्ध्या किलोमीटरवर कोण काय धरून जगतं, हे त्याच्या तक्त्यात नसतं.

हीच जागा नव्याने निवडायची असती तर? मला वाटतं, बोलिनाओला सरसकट नकार देण्याचं कारण नव्हतं. पण प्रश्नांचा क्रम उलटा हवा होता. ‘पिंजरा कुठे टाकू’ याच्या आधी ‘या पाण्यात एकूण किती टन मासा वर्षाला पोसता येईल’ हे ठरवायला हवं. त्यासाठी मोजमाप सर्वांत वाईट दिवशी करावं लागतं. भांगाची तिथी, वारा पडलेला, पाणी तापलेलं, पहाटेची वेळ आणि तळापासून मीटरभर वर बुडवलेलं ऑक्सिजन मीटर. उधाणाच्या दुपारी वरच्या थरात घेतलेला नमुना पाण्याविषयी काही सांगत नाही. पाहणी करणाऱ्याच्या सवडीविषयी सांगतो.

दुसरं, मर्यादा चौकटींच्या संख्येत असली की ती फसवी ठरते. ५४४ चौकटी म्हणजे किती? लहान की मोठ्या, विरळ बीज की दाट, वर्षाला एक पीक की दोन? संख्या तेवढीच ठेवून खाद्य दुप्पट करता येतं. मर्यादा खाद्याच्या टनांत घालावी, कारण पाण्यात जातं ते खाद्य. गोण्या मोजणंही पिंजरे मोजण्याइतकंच सोपं आहे. दुकानदाराच्या वहीत त्या असतातच.

तिसरं, खोली. कुंपणाच्या तळाशी थेट चिखल असतो हे वर आलंच. तरंगत्या पिंजऱ्यालाही ओहोटीच्या वेळी जाळ्याच्या तळाखाली निदान जाळ्याइतकं तरी मोकळं पाणी असावं, म्हणजे घाण पसरते, एका ठिकाणी ढीग होत नाही. त्यावर एखादं पीक सोडून जागा पडीक ठेवणं. जिरायती शेतात आपण जमिनीला विसावा देतो, मग तळाला का नाही? अर्थात जागा बदलायची तर मोकळी जागा शिल्लक असावी लागते, आणि बोलिनाओत तीच उरली नव्हती.

कोकणात बसून हे वाचताना नकाशा आपसूक डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे पेच तोच आहे, फक्त टोकं जास्त ताणलेली. खुल्या समुद्रात पाणी खेळतं, खोली आहे, घाण वाहून जाते; पण जूनपासून नैर्ऋत्येचा पाऊसकाळ असा उसळतो की यांत्रिक नौकांची मासेमारीच पावसाळ्यात बंद असते. तेव्हा नांगरलेला पिंजरा बाहेर ठेवणं म्हणजे जुगार. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ आणि २०२१ च्या मेमध्ये ‘तौक्ते’ वादळांनी किनाऱ्याचं काय केलं ते आठवावं. आडोसा हवा तर खाडीत यावं लागतं. विजयदुर्गला वाघोटनची खाडी, जयगडला शास्त्रीची. जुन्या काळापासून गलबतं वाऱ्यापावसात इथे आसऱ्याला येत. पण खाडीत आलं की बोलिनाओचा प्रश्न दारात उभा राहतो, वर पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी उतरून क्षारता झपकन पडते. जिताडा ते सोसतो, कोबियासारखा खऱ्या समुद्राचा मासा सोसत नाही. म्हणजे इथे जागा आणि मासा हे दोन निर्णय वेगळे घेताच येत नाहीत.

एका बाबतीत आपलं नशीब बरं. भरती-ओहोटीचा आपला खेळ मोठा, त्यामुळे खाडीचं तोंड मोकळं असेल तर पाणी चांगलं धुतलं जातं. मात्र तोंडावर वाळूचा दांडा असेल, किंवा वरच्या अंगाला भराव, बंधारे, पूल होऊन खाडी उथळ झाली असेल, तर हे नशीब कागदावरच. खाडीचा ओढ कुठे कसा आहे हे मोजायला यंत्र लागतं, पण कुठे मोजावं हे सांगायला डोल लावणारा कोळी पुरतो. डोलीचं जाळं ओढावरच उभं राहतं; पिढ्यान् पिढ्या कुठला खुंटा कुठे रोवायचा हे त्या ओढाने ठरवलं आहे. गंमत अशी की ज्याला पाणी कळतं तोच माणूस पिंजऱ्याला विरोध करायला उभा राहण्याची शक्यता जास्त, कारण पिंजऱ्याला चांगली जागा नेमकी त्याच्या डोलीचीच असते. जागेच्या पाहणीत त्याला पहिल्या दिवशी बोलवावं. जनसुनावणीत शेवटच्या दिवशी नव्हे.

भारतात खुल्या समुद्रातला पिंजरा तसा अलीकडचा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००७ मध्ये विशाखापट्टणमला १५ मीटर व्यासाचा पिंजरा टाकून जिताडा वाढवून पाहिला. एवढा अवजड पिंजरा मच्छीमारांच्या गटाला पेलणारा नाही, म्हणून पुढे ६ मीटर व्यासाचे पिंजरे आले. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत समुद्री पिंजऱ्यासाठी ५ लाख रुपये घटक खर्च धरला होता. सर्वसाधारण गटाला त्यावर ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान होतं. महाराष्ट्राच्या वनविभागातल्या कांदळवन कक्षानेही २०१७ पासूनच्या उपजीविका योजनेत खेकडे, कालवं यांच्याबरोबर खाडीतले जिताड्याचे पिंजरे घेतले आहेत.

या योजनांचा मी विरोधक नाही. पण अनुदान पिंजऱ्यामागे मिळतं, आणि ज्यामागे पैसा मिळतो ते वाढतं. एका खाडीत दहा बचतगटांना दहा-दहा पिंजरे मिळाले, तर प्रत्येकाच्या प्रस्तावात जागा योग्यच असेल, कारण प्रत्येकाने आपापल्या पिंजऱ्यापुरतं पाणी तपासलेलं असेल. शंभर पिंजऱ्यांचा प्रस्ताव कुणी लिहिलेलाच नसतो. ‘योग्य जागा’ म्हटलं की हल्ली लगेच उपग्रहाच्या मदतीने केलेला रंगीत नकाशा पुढे येतो. हिरवा ठिपका म्हणजे टाका पिंजरा. नकाशा कामाचाच आहे, मी तो आधी मागेन. पण हिरव्या ठिपक्यावर ‘किती टनांपर्यंत हिरवा’ असा आकडा लिहिलेला नसेल तर तो अर्धाच नकाशा.

आकडा लिहिला तरी तो कुणी पाळायचा, याचं उत्तर बोलिनाओला २००२ नंतरही धड सापडलं नाही. बांधकामं हटवण्याच्या मोहिमा निघाल्या, काही जाळी उतरली. मग २०११ च्या मेअखेर, पावसाळा सुरू होताना, बोलिनाओ आणि शेजारच्या आन्दात पुन्हा बांगुस मेले. त्याच दिवसांत पार दक्षिणेला ताल सरोवरातल्या पिंजऱ्यांतही तेच झालं. आन्दाचं प्रकरण तर आणखी एक गाठ दाखवतं. बोलिनाओने उद्या आपली मर्यादा काटेकोर पाळली, तरी जलमार्गाच्या पलीकडच्या अंगाला परवाने देणारी नगरपालिका वेगळी आहे, तिची तिजोरी वेगळी आणि तिचे मतदारही वेगळे. भरतीला पाणी मात्र दोन्हीकडचं एक होतं. वाघोटन खाडीचा एक काठ रत्नागिरी जिल्ह्यात आणि दुसरा सिंधुदुर्गात आहे.